पंचेचाळीसच्या आत

क्लांग
६ जुलै १९९७

मामा, नमस्कार.

पास झाले! तिसऱ्या खेपेला झाले हे मात्र कुणाला बोलू नका, कारण अम्मानं आमच्या अख्ख्या गल्लीत पहिल्याच खेपेला झाले म्हणून सांगून ठेवलंय. गाडीही घेतली. जुनीच आहे, इवलीशी आहे, वळताना कुरकुरते, पण माझी आहे. पुढच्या-मागच्या काचेवर नवशिक्यांचा ‘पी’ चिकटवला. आता दोन वर्षं तो मिरवायचा.

या पीवरूनच तुमचा सल्ला हवा आहे. गेल्या रविवारी नव्या हायवेवर गेले होते. पाटीवर एकशेदहा लिहिलंय. शिकवणाऱ्या मास्तरांनी बजावलं होतं, पहिली दोन वर्षं नव्वदच्या वर जायचं नाही. मी आपली डाव्या कडेनं नव्वदनं चालले होते, तर मागून एक बस आली ती माझ्या डिकीला नाक लावूनच. वर लाइट मारतेय, हॉर्न देतेय. टोलनाक्यावर पोहोचले, तर काच खाली न करताच पैसे पुढे केले. ऑफिसातली सुहैला म्हणते, “अगं, तो पी काढून फेक आधी. पी दिसला की लोकांना चेव येतो. आणि सगळे एकशेतीसनं जाताना तू एकटी नव्वदनं गेलीस, तर अपघात तुझ्यामुळेच होणार.” मला तिचं थोडं पटलंय. तुम्ही काय म्हणता?

तुम्हाला विचारताना हसूही येतंय. तैपिंग ते क्वालालंपूर साडेतीन तासांत नेणारे मरुदै मामा! मला ती टॅक्सी अजून डोळे मिटले की दिसते, काळं अंग, पिवळा टप. शाळेला सुट्टी लागली की अम्मा मला स्टँडवर तुमच्या हवाली करायची. चार उतारू झाले की मी फुकटची पाचवी, कुणाच्या तरी मांडीवर. एकदा एका चिनी आजीच्या मांडीवर मी आणि माझ्या मांडीवर तिची कोंबड्यांची टोपली होती. बिदोरला पेरू घ्यायचे, बिया नसलेले, आणि तुम्ही म्हणायचात, “दात घट्ट धरा, आता मी जरा गाडी चालवतो.” मी समोरची सीट घट्ट धरायचे आणि तरी मला वाटायचं, आणखी वेगानं जावं. अम्मा मात्र मागून आगगाडीनं यायची, चार तास उशिरा. मला वाटायचं तिला आगगाडी आवडते.

मामी गेल्यापासून अम्मा तिकडे आलेलीच नाही. सहा वर्षं झाली. या दिवाळीला मी तिला माझ्या गाडीत घालून आणणार आहे. तुम्ही एकटेच तेल लावून अंघोळ करून बसता, हे मला बरं वाटत नाही.

तुमची
पूंगोडी

तैपिंग
१४ जुलै १९९७

पूंगोडी,

तिसऱ्या खेपेला ना? मी चौथ्या. आता फिट्टंफाट झाली, तूही बोलू नकोस.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर एका ओळीत देतो. नव्वद म्हणजे नव्वद, आणि पी काढायचा नाही. हॉर्न वाजवणाऱ्याचा हात दुखेल, तुझं काय जातं? तुझ्या त्या मैत्रिणीला सांग, गर्दीबरोबर पळायला आधी गर्दीइतकं पळता यावं लागतं. नव्या माणसाला समोरचा ब्रेक लावतोय हे कळेपर्यंत अर्धा क्षण जास्त लागतो. तो अर्धा क्षण विकत मिळत नाही, वर्षांनी येतो.

मी वेगानं चालवायचो हे खरं. पण तो रस्ता मला तोंडपाठ होता. स्लिम रिव्हरच्या कोणत्या वळणावर कोणाचा बैल बसतो हेसुद्धा ठाऊक होतं. हायवे झाला आणि जुना रस्ता ओस पडला. तापाहच्या चहावाल्यानं टपरी बंद केली, बिदोरचा पेरूवाला आता फक्त रविवारी बसतो. टॅक्सीचा परवाना विकून मला वर्ष झालं, तरी रोज सकाळी स्टँडच्या बाकावर जातो. आम्ही चौघं म्हातारे असतो. आता गाडी तोंडानं चालवतो, आणि खरं सांगतो, पूर्वीपेक्षाही वेगात!

तुझ्या आईला घेऊन ये. ती माझ्या गाडीत बसत नाही याची सवय झाली होती, पण घरीच येत नाही याची होत नाही. तुझी मामी होती तेव्हा दोघी स्वयंपाकघरात बोलत बसायच्या आणि मी बाहेर ओट्यावर बसून नुसता आवाज ऐकायचो. तेवढं मला पुरायचं. आता घरात माझ्या खोकल्याचाच आवाज असतो. फराळाला मुरुक्कू तळ म्हणावं तिला, मी साचा धुऊन ठेवतो.

मामा

क्लांग
१० ऑगस्ट १९९७

मामा,

तुमचं पत्र मी अम्माला वाचून दाखवलं आणि चूक केली.

तुमचं ते “नव्वद म्हणजे नव्वद” ऐकलं आणि ती हसली. चांगलं हसणं नव्हतं ते. म्हणाली, “तुझ्या मामाच्या या शिकवणीनंच मला माझ्या अप्पांचं तोंड पाहायला मिळालं नाही.” मग तिनं एकाहत्तर सालचं सगळं सांगितलं. तैपिंगहून इथं तार आली, अप्पा गंभीर आहेत, निघा. तुम्ही उतारू घेऊन क्वालालंपूरला आला होतात, अम्मानं तुम्हाला स्टँडवर गाठलं. तुम्हाला टॅक्सीवर लागून चारच महिने झाले होते. तुमच्या मालकाचा नियम होता, नव्या ड्रायव्हरनं वर्षभर पंचेचाळीस मैलांच्या आत चालवायचं, नाहीतर गाडी काढून घेणार. काचेवर तशी चिठ्ठीच डकवलेली होती म्हणे. अम्मा मागच्या सीटवर रडत होती, “अण्णा, वेगानं चल, अण्णा, वेगानं,” आणि तुम्ही काटा पंचेचाळीसच्या वर जाऊ दिला नाहीत. पोहोचलात तेव्हा अप्पांना जाऊन अर्धा तास झाला होता.

मामा, हे खरं आहे? आणि मग तुम्हीच त्या रस्त्यावरचे सगळ्यात वेगवान ड्रायव्हर कसे झालात?

अम्मा म्हणते, “दिवाळीला येईन, पण माणसं चालवतात तशी चालवणार असशील तर. त्याच्या नव्वदनं मी कुठंही येणार नाही.” आता तुम्हीच सांगा मी काय करू. तिनं यावं असं तुमच्यापेक्षा मलाच जास्त वाटतंय.

पूंगोडी

तैपिंग
१९ ऑगस्ट १९९७

पूंगोडी,

तुझी आई म्हणते ते खरं आहे. पंचेचाळीसच्या वर गेलो नाही. नोकरीची भीती होती. त्यानंतर कधी कुणाला उशीर होऊ द्यायचा नाही, एवढंच डोक्यात बसलं, म्हणून वेग आला. यापेक्षा जास्त विचारू नकोस.

ती येते म्हणतेय ना? मग तिच्या मनाप्रमाणे कर. मी कोण सांगणारा. हायवे रुंद आहे, सरळ आहे, जरा शंभर-एकशेवीस झाले म्हणून बिघडत नाही. तुझा हातही आता बसला असेल.

मुरुक्कूचा साचा गंजला होता. लिंबू लावून घासला.

मामा

क्लांग
२८ सप्टेंबर १९९७

मामा,

आधी हे वाचा, आम्ही दोघी जिवंत आहोत. घाबरू नका.

गेल्या रविवारी सुंगकाईला लग्न होतं. तुमच्याकडेही वणव्यांचं धुरकं असेलच. इथं तर सूर्य पिकलेल्या पपईसारखा दिसतो आणि समोरच्या तीन गाड्यांपलीकडे काही नाही. तरी मुहूर्त नऊचा होता आणि अम्मा मागून म्हणत होती, “अगं, चल ना जरा, बैलगाडी आहे का ही?” मी नव्वदवर होते. मग शंभर केले. मागून एक बस लाइट मारायला लागली, मी एकशेवीस केले. पी मी आदल्या दिवशीच काढला होता, मामा. तुमचं पत्र आलं आणि मला वाटलं, मामांचीच परवानगी आहे.

धुरक्यातून एकदम लॉरी आली. म्हणजे ती होतीच तिथं, तिचे मागचे दिवे बंद होते. मी ब्रेक लावला आणि गाडी माझी राहिलीच नाही. कडेच्या कठड्याला घासत गेली आणि थांबली.  मी अम्मा अम्मा म्हणून ओरडतेय आणि मागून काही उत्तर नाही.

अम्माचं गळ्याजवळचं हाड मोडलंय. पाच आठवडे पट्टा. मला कपाळावर चार टाके. डॉक्टर म्हणाले, वीतभर इकडेतिकडे झालं असतं तर मान गेली असती.

 अम्मा रागावलेली नाही, तेव्हापासून नुसती भिंतीकडे बघत बसते. काल भरवताना तिनं माझ्या टाक्यांना हात लावला आणि रडली. “माझ्यामुळे झालं,” म्हणाली. मी म्हटलं, नाही अम्मा, गाडी मी चालवत होते. पण मामा, मला तुमचाही राग आलाय. तुमचं पहिलं पत्रच बरोबर होतं. तुम्ही ते मागे का घेतलंत?

दिवाळीचं आता विसरू या. गाडीच्या चावीला हात लावायची माझी हिंमत नाही.

पूंगोडी

तैपिंग
३ ऑक्टोबर १९९७

लेच्चुमी,

हे पत्र तुला आहे. पूंगोडीनं वाचून दाखवलं तरी चालेल, तिनंही ऐकावं.

मी सव्वीस वर्षं एक खोटं सांभाळलं. वाटलं होतं, त्यानं फक्त माझंच नुकसान होतंय. आता कळलं, ते तुझ्या पोरीच्या गाडीत जाऊन बसलं होतं.

अप्पा आपल्याला चुकले ते पंचेचाळीसमुळे नाही.

तार तैपिंगहून आली होती, पण आपण निघाल्यावर अप्पांचं जास्त झालं आणि त्यांना इपोहच्या इस्पितळात हलवलं. शेजाऱ्यांनी स्टँडवर जाऊन वडिवेलला गाठलं. तो टॅक्सी घेऊन क्वालालंपूरला निघाला होता. त्याला माझ्या गाडीचा नंबर दिला आणि सांगितलं, वाटेत मरुदै भेटेल, त्याला इपोहलाच थांबव. इपोहच्या बरंच आधी, कांपारच्या अलीकडे, तो समोरून आला आणि त्यानं तीनदा लाइट मारले.

आमच्या रस्त्यावर समोरच्यानं लाइट मारले की त्याचा अर्थ एकच, पुढे पोलिस लपलेत, हळू हो. चार महिन्यांत मी तेवढंच शिकलो होतो. मनात म्हटलं, चांगला माणूस आहे, सावध केलं. आणि पंचेचाळीसचे चाळीस केले. नव्या ड्रायव्हरची नजर काट्यावर असते, लेच्चुमी. मी काट्याकडे बघत होतो, पुढच्या झाडांमागे पोलिस शोधत होतो. आरशात बघितलंच नाही. आपण इपोहमधून, अप्पा होते त्या इस्पितळाच्या रस्त्यावरून, सरळ पुढे गेलो. तैपिंगला घराला कुलूप होतं. मागे वळून परत इपोहला येईपर्यंत अडीच तास गेले. अर्धा तास चुकला नाही आपला. आपण दोन तास आधी पोहोचलो असतो, पंचेचाळीसनंसुद्धा.

स्मशानात वडिवेल माझ्याजवळ आला. म्हणाला, “मी लाइट मारले, गाडी थांबवली, उतरून हात केले. तू बघितलंच नाहीस.” मी त्याचे पाय धरले, म्हटलं, माझ्या बहिणीला सांगू नकोस. मी परत आलो, तर तू “हळू चालवलंस म्हणून” असं ओरडायला लागलीस. मला वाटलं, हे बरं आहे. हळू चालवणं हा गुन्हा लहान आहे, त्याचं खापर मालकावर फोडता येतं. डोळे असून न बघणं त्याहून मोठं. वडिवेल गेला त्यालाही आता नऊ वर्षं झाली. त्यानं शब्द पाळला.

त्यानंतर मी वेगानं चालवत गेलो, कारण सगळ्यांनी तेच कारण धरलं होतं. मीच वेगानं चालवलं नाही तर माझं खोटं उघडं पडलं असतं. आणि लोकांनी त्याचं कौतुक केलं! पूंगोडीनं कौतुक केलं. ऑगस्टमध्ये तिनं मला सरळ विचारलं होतं, तेव्हा हे लिहायला हवं होतं. पण तू येशील एवढ्या एका आशेपायी मी त्या पोरीला एकशेवीस जा म्हणून लिहिलं. तिच्या कपाळावरचे चार टाके माझे आहेत.

पूंगोडी, ऐकतेयस ना? नव्वदनंच चालव. पी लाव. कुणी कितीही हॉर्न वाजवू दे, कुणाच्याही सांगण्यावरून पुढे जाऊ नकोस, माझ्यासुद्धा. पण नजर नुसती काट्यावर ठेवू नकोस. मर्यादा पाळली की काम झालं असं मला वाटलं होतं. रस्त्यावर माणसं असतात, त्यांच्याकडे बघावं लागतं.

लेच्चुमी, तू येणार नाहीस हे मी धरूनच चाललोय. माफी मागायचं तोंड मला नाही. फक्त तू आता पोरीला घाई करू नकोस.

अण्णा

क्लांग
२१ ऑक्टोबर १९९७

अण्णा,

माझं अक्षर वेडंवाकडं आहे. एक तर सहावीपर्यंतच शिकले, त्यात उजवा हात पट्ट्यात आहे. डाव्यानं लिहितेय, चार दिवस लागले. पूंगोडी म्हणाली, तू सांग, मी लिहिते. मी म्हटलं, नको.

तुझं पत्र तिनं वाचलं तेव्हा मी उठून मोरीत गेले आणि नळ सोडून बसले. ती दाराशी येऊन विचारत होती, अम्मा, मामांवर रागावलीस का? मी काय सांगणार होते?

अण्णा, मी त्याला बघितलं होतं.

मी मागच्या सीटवर होते. त्यानं लाइट मारले तेव्हा मी वळून मागच्या काचेतून बघितलं. त्यानं गाडी कडेला घेतली होती. उतरून भर रस्त्यात उभा राहिला होता, दोन्ही हात वर, निळा चौकड्यांचा सदरा. आपल्याकडे बघूनच हात करत होता, त्यात शंकाच नव्हती. मला वाटलं, याची गाडी बिघडली असेल. मला वाटलं, अण्णाचा स्वभाव असा, हा थांबणार, याला मदत करत बसणार, आणि आधीच आपण गोगलगाईसारखे चाललोय. म्हणून मी तुला सांगितलं नाही. उलट ओरडले, “अण्णा, वेगानं चल!” तुझी मान मागे वळू नये म्हणून ओरडले.

स्मशानात तोच सदरा घालून तो तुझ्याशी बोलताना दिसला. बायका मला घराकडे नेत होत्या, मी लांबूनच बघितलं. तू त्याचे पाय धरलेस तेही बघितलं. एकही शब्द ऐकू आला नाही आणि सगळं समजलं. तू परत आलास, तेव्हा तू तोंड उघडायच्या आत मी ओरडायला सुरुवात केली, की तुझ्या पंचेचाळीसनं अप्पा गेले. आधी मी ओरडले अण्णा, म्हणून तू गप्प बसलास. ते खोटं तुझं नाही, माझं आहे. तू फक्त सांभाळलंस.

त्यानंतर तुझ्या टॅक्सीत मी कधी बसले नाही, सगळ्यांना वाटलं लेच्चुमीचा राग केवढा! राग कसला? मला भीती होती. वाटायचं, कांपार आलं की तू आरशात माझ्याकडे बघशील आणि विचारशील, “लेच्चु, तू मागे बसली होतीस. तुला कुणी दिसलं होतं का?” मग मी खोटं बोलू शकले नसते. वहिनीनं दोनदा विचारलं, भावाशी बोलत का नाहीस. दोनदा सांगावंसं वाटलं. सांगितलं नाही. ती गेल्यावर तर तुझ्या घरात तू आणि मी दोघंच उरणार होतो, म्हणून आलेच नाही. तू ओट्यावर बसून आमचा आवाज ऐकायचास, हे मला तुझ्या जुलैच्या पत्रातून कळलं. मी आत बसून तुझ्या खोकल्याकडे कान लावून असायचे.

त्या दिवशी धुरक्यात मी पुन्हा तेच केलं. मागे बसून पोरीला वेगानं चल म्हटलं. गाडी थांबली तेव्हा मी शुद्धीवर होते अण्णा. ती हाका मारत होती आणि माझ्या तोंडातून शब्द फुटत नव्हता. मला एवढंच दिसत होतं की मी घाई करून अप्पांना घालवलं आणि आता पोरीला.

डॉक्टर अठ्ठावीसला पट्टा काढणार आहेत. एकोणतीसला सकाळी आम्ही निघतो. पूंगोडी आधी नाहीच म्हणत होती. मी म्हटलं, तू नाही चालवलीस तर मी आयुष्यात परत कुठल्याच गाडीत बसणार नाही. गाडी दुरुस्त झालीय, काचेवरचा पी मी स्वतः डाव्या हातानं चिकटवलाय, जरा तिरका बसलाय. नव्वदनं येऊ. धुरकं असेल तर सत्तरनं. वाट बघत स्टँडवर येऊन बसू नकोस, पोहोचायला दुपार होईल.

माझ्या मनातलं सगळं लिहून झालंय, पण लिहिणं सोपं आहे. तुझ्यासमोर बसून हे एकदा तोंडानं सांगायचंय मला. तू रागावशील, रागाव. आपल्या अप्पांना आपण दोघांनी मिळून चुकवलं, आणि सव्वीस वर्षं एकमेकांपासून लपून एकएकटे रडलो. आता मला तुझ्याबरोबर रडायचंय.

लेच्चु